सुभद्राकाकीचा मुका नवस

तारकर्लीत भाईंचं घर विचारलंत तर कुणीही माडांतून आत बोट दाखवील. दोन खोल्या पाहुण्यांना, पुढे पडवी, मागे सुभद्राकाकीचं रांधपघर. नाव भाईंचं, पण माणसं येतात ती काकीच्या हातचं जेवायला. हे भाईंनाही ठाऊक आहे आणि ते कबूलही करतात, फक्त काकी समोर नसली की. बांगड्याचं तिखलं करावं तर तिनेच. तिरफळं किती ठेचायची, कोकमं कधी टाकायची, सगळं तिच्या नाकावर. चमच्याने आमटी चाखून बघताना तिला कुणी पाहिलेलं नाही. "वासान कळता माका मीठ," असं ती म्हणायची, आणि पुण्याच्या बाया तोंडात बोटं घालायच्या.

अशी ही दिवसभर पायाला भिंगरी लावलेली बाई शिमग्यानंतर मटकन बसायला लागली. भाताचं तपेलं उतरवताना डोळ्यांपुढे काळं यायचं. जीभ सोलवटून लाल झालेली, नुसतं पाणीही झोंबायचं. पायांना मुंग्या, आणि स्वच्छ पुसलेल्या लादीवर चालतानाही तळव्यांखाली वाळू पसरल्यासारखं वाटायचं. चेहऱ्यावर एक पिवळट कळा आली होती. भाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "वय झाला." स्वतःला दोन शिंका आल्या तर आल्याचा काढा मागणारा माणूस! पण बायकोच्या बाबतीत सगळ्याला वय हेच कारण.

कुडाळला दिलेली लेक सलोनी चार दिवस माहेरी आली आणि दारातच थबकली.

"आये, तू आरशात बघतस काय गो कधी?"

"बघान काय करू? कोण बघूक येणार आसा माका?"

सलोनीने ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला रिक्षात घातलं, मालवणला नेलं आणि रक्त द्यायला लावलं. "साधी तपासणी आसा गो, सीबीसी. रक्तात काय कमी-जास्त आसा ता कळता." सुई टोचली तेव्हा काकीने दुसरीकडे तोंड फिरवलं. रक्त बघायची भीती नव्हती तिला. रक्त काही बोलेल की काय, याची भीती होती. का, ते पुढे येईलच.

दुपारी रिपोर्ट सलोनीच्या मोबाईलवर आला. काकी मागच्या पायरीवर सुंगटं सोलत होती, कोळंबीचा ढीग परातीत होता. सलोनी मोठ्याने वाचायला लागली, मग हळू, मग नुसते ओठ हलायला लागले.

"काय आसा?"

"काय नाय."

आता तुम्हीच सांगा, पोरीने अशा आवाजात 'काय नाय' म्हटलं तर कुठल्या आईला कळत नाही? काकीचे हात तसेच परातीत राहिले.

रिपोर्टावर तीन आकडे ठळक होते. हिमोग्लोबिन बाराच्या वर हवं, ते सातही नव्हतं. पांढऱ्या पेशी निदान चार हजार हव्यात, त्या तीन हजारांच्या आत. प्लेटलेट दीड लाख हवेत, ते त्याच्या निम्मेच. सलोनीने हे तिन्ही आकडे फोनला विचारले, आणि त्या मेल्या फोनने भडाभडा सगळं ओकलं. त्यात दहा कारणं होती, साधीसुद्धा होती. पण घाबरलेल्या माणसाला यादीतला एकच शब्द दिसतो. सलोनी उठून विहिरीमागे गेली आणि जहाजावरच्या भावाला तिने फोन लावला. तिला वाटलं आईला ऐकू जात नाही. अगो, ज्या बाईला वासाने मीठ कळतं तिला विहिरीमागचं हुंदक्याचं बोलणं ऐकू येणार नाही?

"कॅन्सर आसात रे कौस्तुभ... रक्ताचो..."

तिने सुंगटं पूर्ण सोलली, धुतली, मीठ-हळद लावून झाकली. पाहुणे जेवायचे होते ना. मग रांधपघराच्या भिंतीला टेकून ती एकदाच म्हणाली, "देवा, आता रे?" फार घाबरली होती ती. मरणाला घाबरली होती, आणि मरणाहूनही दुसऱ्या एका गोष्टीला जास्त.

दुसऱ्या दिवशी काकी, भाई आणि सलोनी डॉक्टर बांदिवडेकरांकडे गेली. म्हातारा माणूस, सावकाश बोलणारा. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, काकीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली.

"हे बघा," ते म्हणाले, "या तपासणीत मुख्य तीन गोष्टी मोजतात. लाल पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात. त्या कमी, म्हणून थकवा, म्हणून चक्कर. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. आणि प्लेटलेट जखमेतून वाहणारं रक्त थांबवतात. यातलं एखादं कमी असेल तर कारणं पुष्कळ असतात. पण तिन्ही तयार होतात एकाच ठिकाणी, हाडांच्या आतल्या मज्जेत. तिन्ही एकदम कमी झाली म्हणजे तिथेच काय बिघडलं ते बघावं लागतं."

डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या आणखी एका आकड्यावर पेन ठेवलं. तो सलोनीने पाहिलाही नव्हता.

"हा एमसीव्ही. लाल पेशीचा सरासरी आकार. ऐंशी ते शंभरच्या मध्ये असावा. यांचा एकशे वीसच्या वर आहे."

"मोठ्या पेशी म्हणजे बऱ्या ना, डॉक्टर?" भाईंनी आशेने विचारलं.

"नाही हो. त्या वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. म्हणून मोठ्या आणि थोड्या." डॉक्टरांनी मान वर केली. "बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व कमी पडलं की अगदी असंच होतं. ते मासे, अंडी, मटण, दूध यांतूनच मिळतं. यांच्या जेवणात मासे असतात ना?"

प्रश्न काकीबद्दलचा होता. उत्तर भाईंनी दिलं.

"अहो डॉक्टर, काय विचारता! माशांशिवाय आमच्या घरात घास उतरत नाही. रोज ताजं मासळं. हिच्या हातचं खायला लोक पुण्यामुंबईहून येतात!"

"हो, आई तर रोज मासेच करते," सलोनी म्हणाली.

डॉक्टरांनी काकीकडे पाहिलं. काकी खाली बघत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"मग ते असण्याची शक्यता कमी," डॉक्टर म्हणाले. "तरी बी-ट्वेल्व्हची तपासणी लावून ठेवतो, तिला दोन-तीन दिवस लागतील. पण तेवढं थांबायला नको. गोव्याला चिठ्ठी देतो, उद्याच निघा. तिथे कंबरेच्या हाडातून मज्जा काढून बघतील." थोडं थांबून ते म्हणाले, "आत्ताच मनात वाईट आणू नका."

असं कुणी म्हटलं की वाईटच मनात येतं.

आता ते, जे काकीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

कौस्तुभ पहिल्यांदा मालवाहू जहाजावर गेला तेव्हाची गोष्ट. त्याने फोनवर हसत हसत सांगितलं होतं, की जहाज बंदराबाहेर उभं असलं की लाँचमधून दोरीच्या शिडीने चढावं लागतं, खाली लाट हापटत असते, शिडी हिंदकळते. पुढच्याच फोनला तो हसला नाही. त्याच्याबरोबरचा एक पोरगा उतरताना हात सुटून लाँच आणि जहाज यांच्या मध्ये पडला होता. काकी तशीच उठली आणि गावच्या देवीपुढे जाऊन उभी राहिली.

आमच्याकडे नवस मोठ्याने बोलायचा असतो. गावकर गाऱ्हाणं घालतो, जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि सगळ्या गावाला कळतं कुणी काय मागितलं ते. काकीला तसं करता येईना. गाऱ्हाण्यात त्या मेलेल्या पोराचा उल्लेख आला असता, अभद्र बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून ती मनातल्या मनात बोलली. "माझ्या झिलाचो हात सुटता नये. तो दर्यार आसा तोवर मी वशाट सोडलंय. मासो नाय, अंडा नाय, मटण नाय. आणि ह्या मी कोणाक सांगूचंय नाय." हे शेवटचं तिचं तिनेच जोडलं. मुक्याने बोललेला नवस मुक्यानेच टिकेल, बोलला की तुटेल, अशी तिची पक्की समजूत झाली.

मालवणच्या दर्याकाठी मासे सोडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आणि तेही रोज इतरांसाठी मासे रांधत असताना! ती सगळ्यांना वाढून मग एकटी रांधपघरात बसायची. पानात भात, कुळथाची पिठी, एखादी भाजी, नारळाच्या रसाची सोलकढी. दूध तिला पहिल्यापासून उमासे आणायचं, चहा कोरा. सुरुवातीला तळलेल्या सुरमईच्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग तेही थांबलं. नऊ वर्षं हे चाललं. आणि नऊ वर्षांत तिच्या पानात काय आहे हे कुणाला दिसलं नाही. दिसायला कुणी बघितलं तर पाहिजे! मला या गोष्टीचा राग येतो, काकीला मात्र कधी आला नाही. तिला उलट बरंच वाटायचं, की गुपित राखायला काही कष्ट पडत नाहीत.

डॉक्टरांचा प्रश्न ऐकला तेव्हा तिला सगळं कळलं. शिकलेली फार नव्हती, पण 'मासे, अंडी, मटण, दूध' ही चार नावं ऐकल्यावर कळायला कसली शाळा लागते? तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच. पण तोंड उघडलं की नवस तुटणार. आपण वाचू, आणि कौस्तुभचा हात सुटेल. तिने हाडात सुई घालून घ्यायची ठरवली.

घरी येऊन ती चुलीपुढे बसली. दिवेलागणीला सलोनी आत आली, आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भिया नको. कौस्तुभ येता."

"खंय येता?"

"घराक. कंपनीन परवानगी दिल्यानी. जहाज बंदराभायर उभा आसा, उद्या लाँच येतली, तो उतरतलो आणि थंयसून इमानान. लय रडलो गो फोनार. तेका काय सुचतच नाय."

काकीच्या हातातली पळी खाली पडली.

उतरणार. शिडीवरून. रडत, काही सुचत नसताना! घाबरलेल्या माणसाचा हात पहिला सुटतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आजच तिच्या हातून दोन ताटं निसटली होती. ज्या शिडीपासून पोराला राखायला तिने नऊ वर्षं तोंड बंद ठेवलं, त्याच शिडीवर तो आता तिच्या तोंड बंद ठेवण्यामुळे येत होता.

"तेका सांग, येऊ नको म्हणान!"

"आये, असा काय बोलतस?"

"सांग मगो!"

सलोनीने निरोप टाकला, पण तो पोचल्याची खूण येईना. जहाजावरची रेंज कधी असते, कधी नसते. आणि निरोप पोचला तरी काय उपयोग? मरायला टेकलेली आई 'येऊ नको' म्हणते म्हणून कुठला पोरगा थांबतो? त्याला थांबवायचं तर आई मरत नाही, हे त्याला पटायला हवं. आणि ते पटवायचं तर...

काकी देवापुढे बसली. काय मागावं तेच तिला कळेना. बोललं तर नवस जातो, न बोललं तर पोर जातो. ती तशीच हात जोडून बसून राहिली.

सकाळी गोव्याची गाडी दारात उभी होती. भाईंनी पिशवीत कपडे भरले होते, सलोनीने रिपोर्ट. गाडी मालवणच्या रस्त्याला लागली तशी काकी म्हणाली, "आदी डॉक्टराकडे."

"कशाक? चिठ्ठी मेळली मा?"

"भाईनू, गाडी डॉक्टराकडे घेवा." नवऱ्याला तीही सगळ्यांसारखं भाईच म्हणायची, पण या स्वरात तिने त्यांना आयुष्यात काही सांगितलं नव्हतं. गाडी वळली.

डॉक्टर नुकतेच येऊन बसले होते. काकी खुर्चीत बसली नाही. टेबलाला धरून उभी राहिली, आणि डोळे मिटून, खोल पाण्यात उडी घ्यावी तशी बोलली.

"डॉक्टर, मी मासे खात नाही. नऊ वर्षं झाली. मासे नाही, अंडं नाही, काही नाही. दूधही नाही."

भाई हसलेच. "अगो, काय बोलतस? काल रातीची सुरमय..."

"ती तुमी खाल्लात."

भाईंचं हसू तोंडावरच राहिलं. ते आठवायला लागले. कधी पाहिलं होतं तिला मासा खाताना? चतुर्थीनंतर? कुठल्यातरी लग्नात? काही आठवेना. त्यांनी सलोनीकडे पाहिलं. सलोनीने मान खाली घातली.

काकीने नवस सांगितला. सगळा, शिडीसकट. सांगून होईपर्यंत डॉक्टर उठून तिच्यामागे खुर्ची धरून उभे राहिले होते.

"काकी," ते म्हणाले, "काल मी भाईंचं उत्तर ऐकलं. तुमचं ऐकायला हवं होतं. चूक माझी." मग त्यांनी रिपोर्ट पुन्हा पुढे ओढला. "शरीर बी-ट्वेल्व्हचा साठा ठेवतं, काही वर्षं पुरतो. तो संपला, म्हणून पेशी थोड्या आणि मोठ्या. पायाच्या मुंग्यासुद्धा त्यानेच. आज गोव्याला जाऊ नका. इथेच इंजेक्शन सुरू करू. आठवड्याने परत रक्त बघू. आकडे वर सरकायला लागले, तर हाडात सुई घालायचं कारण उरणार नाही. नाही सरकले, तर गोवा आहेच."

"म्हणजे कॅन्सर नाय?" सलोनीला रडूच फुटलं.

"आठवड्याने छातीवर हात ठेवून सांगेन. पण आज मला निवांत झोप लागेल, एवढं नक्की. आणि काकी, मासे खायलाच हवेत असं नाही. तुमचा नवस असेल तर असू दे. औषध सुईतून जाईल."

पण काकीला यातलं काही ऐकू जात नव्हतं. नवस तर आता तुटलाच होता, चार माणसांत बोलला गेला होता. "फोन लाव," ती सलोनीला म्हणाली. "तेका सांग, आवस मरत नाय. उतरा नको म्हणान सांग."

सलोनीने लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. कालचा निरोपही तसाच पडून होता. इंजेक्शन टोचलं ते काकीला कळलंही नाही. ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली, आणि तिच्या डोळ्यांसमोर फक्त हिंदकळणारी शिडी होती. आता त्या पोराला राखायला कुणी नव्हतं. जे होतं ते आपण आपल्या तोंडाने घालवलं, आपल्या जिवासाठी घालवलं असं तिला वाटलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली. भाई बाजूला बसले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण नऊ वर्षांचं काय बोलणार? त्यांनी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. तीही तिने तशीच धरून ठेवली.

ऊन पायरीवर चढलं. बाकावरचे पेशंट बदलले. मग सलोनीचा फोन वाजला, आणि तिने नाव बघून तो उचलला आणि स्वतः न बोलताच आईच्या कानाला लावला.

"आये? आये, मी उतारलंय. किनाऱ्यार आसंय. परवा घराक येतंय, तू धीर सोडू नको हां!"

काकीने फोन दोन्ही हातांनी धरला.

"कदी उतारलंस?"

"आत्ताच. फोनाक रेंज मेळली तसो लगेच लावलंय. कशाक?"

"लाटो होते?"

"होते. लय होते. शिडी अशी हालत होती मा... पण तू ता सोड. डॉक्टर काय म्हणतत?"

"आणि हात?"

"कसलो हात?"

"तुझो हात रे! सुटलो नाय मा?"

"कसो सुटात गो?" कौस्तुभ रडता रडता हसला. "नऊ वर्षां चढतंय-उतरतंय मी. घट धरतंय तर सुटात कसो?"

काकीने फोन सलोनीला दिला. सलोनी भावाला भराभरा सगळं सांगायला लागली, इंजेक्शन, आकडे, आठवडा. मग नवसावर आली आणि अडखळली.

"काय म्हणता तो?" भाईंनी हळूच विचारलं.

काकी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. तिची भीती उतरत चालली होती, पायांतून, हातांतून, आणि ती उतरेल तसं आत काहीतरी रिकामं होत होतं. आपण आत बोललो तेव्हा तो शिडीवर असणार, किंवा उतरायच्या बेतात असणार. नवस तुटला होता आणि लाटा होत्या. आणि तरीही.

"उतारलो," ती म्हणाली. "भाईनू, तो माझ्याशिवाय उतारलो."

आणि ती रडायला लागली, मोठ्याने, दवाखान्यातली सगळी माणसं बघत असताना. आनंदाने की दुःखाने, ते भाईंना कळलं नाही. या वेळी मात्र त्यांनी तिच्या वतीने कुणाला काही सांगितलं नाही.